मदत हवी आहे: खोबरेल लावलं तर फाउंडेशन घसरतं, नाही लावलं तर फुटतं

मैत्रिणींनो, पुढच्या आठवड्यात नणंदेचं लग्न आहे आणि नाशिकच्या थंडीने माझ्या नाकाच्या कडेला पापुद्रे सुटलेत. फाउंडेशन नेमकं त्यातच जाऊन बसतं. काल आईच्या सांगण्यावरून आधी खोबरेल चोळलं (बाटली गोठलेली, उन्हात ठेवून पातळ केलं), तर तासाभरात हनुवटीवरचा सगळा रंग रुमालाला!

मला समजलंय ते असं: ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, व्हॅसलीन वरून झाकण घालतं, आणि इमोलियंट म्हणजे स्क्वालेन, शिया बटर वगैरे पापुद्र्यांमधल्या फटी भरून त्वचा गुळगुळीत करतात. भिंतीला रंगाआधी लांबी भरतात ना, तसंच. मग खोबरेलही इमोलियंटच की! ते का घसरलं? जास्त झालं, की फाउंडेशनशी त्याचं जमत नाही म्हणून? त्याच्या बाटलीवर पहिलं नाव पाणी, दुसरं डायमेथिकोन (एक सिलिकोन) आहे.

स्क्वालेनचे दोन थेंब लावून किती वेळ थांबता तुम्ही? की डायमेथिकोनवालं प्राइमरच (फाउंडेशनआधी लावतात ते) बरं? माझ्या कपाळावर पुरळ पटकन उठतं, त्यामुळे जड काही लावायची भीती वाटते. पार्लरवालीचं "सगळं चालतं ताई" ऐकून झालंय, स्वतः वापरलेलं सांगा.