वधस्तंभावरून उतरवलेला ख्रिस्त आणि त्याची हाताने रंगवलेली प्रत

रंगरेषा
माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात पंधराव्या शतकातल्या नेदरलँड्सचा चित्रकार रोगियर व्हॅन डेर वायडन याचे 'वधस्तंभावरून अवतरण' हे चित्र पाहिल्यापासून ते मनातून जात नव्हते. १४३५च्या सुमारास आजच्या बेल्जियममधल्या लुव्हेन शहरातल्या क्रॉसबोधारी (आडव्या धनुष्यांच्या) संघाच्या प्रार्थनालयासाठी ते रंगवले गेले, म्हणून वरच्या कोपऱ्यांतल्या नक्षीत लहानलहान क्रॉसबो टांगलेले दिसतात. घरी परतल्यावर मी एका प्रतिकृती-कार्यशाळेकडून त्याची हाताने रंगवलेली छोटी प्रत मागवली. रंग सुरेख आहेत आणि माणसे ओळखू येतात, पण ख्रिस्ताची आई मेरी हिच्या गालावरचे अश्रू म्हणजे पांढऱ्या रंगाचे ठिपके आहेत, आणि मूळ चित्राचा प्राण नेमका त्या अश्रूंतच आहे. माझे मत असे की अशा जुन्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रती विकण्यासाठी करूच नयेत. चांगले छायाचित्र निदान चित्रकाराच्या हातात आपला हात मिसळत नाही.

तैलरंग
आपले दुःख मला समजते, कारण मी स्वतः तैलचित्रे करतो आणि अशा घाईच्या प्रती पाहून मलाही वाईट वाटते. तरीही आपण दोष भलत्याच्या माथी मारत आहात. त्या काळच्या नेदरलँड्समध्ये ओकच्या फळीवर खडू आणि सरसाचे पांढरे अस्तर चढवून ते गुळगुळीत घासत, त्यावर रेखाटन करत आणि मग तेलात कालवलेल्या रंगांचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक देत. प्रकाश त्या थरांतून आत शिरतो, पांढऱ्या अस्तरावर आपटून परत येतो आणि म्हणून रंग आतून उजळलेला वाटतो. अश्रूलाही एका बाजूला लख्ख ठिणगी, समोरच्या बाजूला मंद उजेड आणि खाली गालावर पडलेली बारीक सावली असते. हे सगळे कॅनव्हासवर दोन दिवसांत उरकले तर ठिपकाच उरणार. तो घाईचा दोष झाला. हाताने प्रत करण्याच्या रीतीला त्यासाठी बोल लावता येणार नाही.

शिवाय प्रत करणे ही त्या परंपरेचीच रीत होती. आजच्या फ्रान्समधल्या कांब्रेच्या कॅथेड्रलमध्ये मेरीचे पूजेसाठी फळीवर रंगवलेले एक इटालियन चित्र होते आणि ते खुद्द शुभवर्तमान लिहिणाऱ्या संत लूकने रंगवले अशी लोकांची श्रद्धा होती. १४५४मध्ये एताँपच्या काउंटने चित्रकार पेट्रुस ख्रिस्टुसकडून त्याच्या तीन प्रती करवून घेतल्या. प्रत आहे म्हणून त्यांच्यासमोर कुणी कमी भक्तीने गुडघे टेकले असतील असे मला वाटत नाही.

रंगरेषा
भक्ताला प्रत चालत होती, हे मान्य. पण आपण ज्या चित्राविषयी बोलत आहोत त्याचाच इतिहास पाहा. सम्राट पाचव्या चार्ल्सची बहीण हंगेरीची मेरी हिला ते चित्र हवे होते, म्हणून तिने लुव्हेनकरांना चित्रकार मिखिल कॉक्सी याने केलेली प्रत आणि एक ऑर्गन वाद्य देऊन मूळ चित्र नेले. ज्यांच्यासाठी ते रंगवले गेले त्यांच्या वाट्याला प्रत आली. प्रत इतकी सहज मिळत नसती, तर मूळ चित्र मागण्याचे धाडस इतके सोपे झाले असते का? प्रत मूळ वस्तूचे रक्षण करते असे आपण समजतो. इथे तिने मूळ वस्तू हलवायला मदत केली.

ओकफलक
मी बेल्जियममधल्या गेंटमध्ये राहतो, म्हणून इथली गोष्ट मांडतो. संत बाव्होच्या कॅथेड्रलमधल्या व्हॅन आइक बंधूंच्या १४३२च्या वेदीचित्रातली 'न्यायी न्यायाधीश' ही फळी १९३४च्या एप्रिलमध्ये रात्रीतून चोरीला गेली आणि ती अजून सापडलेली नाही. चित्रकार येफ व्हॅन डेर वेकन याने १९३९मध्ये तिची प्रत सुरू करून १९४५मध्ये पूर्ण केली, आणि आज त्या जागी तीच आहे. ती करताना त्याला आधार झाला तो कॉक्सीचाच, कारण १५५७-५८मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी कॉक्सीने या संपूर्ण वेदीचित्राची प्रत केली होती. रंगरेषा, तुम्ही ज्या कॉक्सीला दोष देता त्याच्याच हातामुळे आमच्या वेदीतले भगदाड बुजले आहे.

पण मला एक गोष्ट खटकते आणि ती मी लपवणार नाही. व्हॅन डेर वेकनने एका न्यायाधीशाला त्या वेळचा बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याचा चेहरा दिला. ज्याला हे ठाऊक नाही, तो त्या चेहऱ्याकडेही पंधराव्या शतकाचाच म्हणून पाहतो. प्रतीवर ती प्रत आहे हे ठळक लिहिलेच पाहिजे.

तैलरंग
ठळक लिहावे, याबद्दल वाद नाही. रंगरेषा, छायाचित्राविषयी मात्र एक सांगतो. त्याच वेदीचित्राच्या मधल्या फळीवरच्या, ख्रिस्ताचे प्रतीक असलेल्या कोकराचा चेहरा आपण सर्वांनी असंख्य छापील चित्रांत पाहिला होता. अलीकडच्या संवर्धनात वरचे रंगकाम काढल्यावर कळले की तो चेहरा नंतरच्या हाताचा होता, आणि आता खालून व्हॅन आइकचे कोकरू दिसते, समोर रोखून पाहणारे. छायाचित्राने इतकी वर्षे तो दुसरा हातही तितक्याच निष्ठेने छापला. दुसऱ्याचा हात मिसळण्यापासून आपण ज्याच्या भरवशावर वाचू पाहता, ते छायाचित्रही त्यातून वाचले नव्हते.

रंगरेषा
कोकराचे मला नव्हते ठाऊक, आणि त्याने माझा युक्तिवाद ढिला झाला हे मी मानते. कॉक्सीबद्दलही मी एकांगी बोलले. तरी विकत घेणाऱ्याला ठिपका आणि अश्रू यांतला फरक कोण दाखवणार, हा प्रश्न उरतोच. ती प्रत मी भिंतीवरून उतरवलेली नाही. फक्त मेरीच्या चेहऱ्याचे मोठे छायाचित्र तिच्याशेजारी लावले आहे.

तैलरंग
मग एक विनंती आहे. मी सध्या त्याच अवतरणाच्या चित्रातल्या ख्रिस्ताचा शिष्य योहान याच्या लाल वस्त्राचा फक्त एक हातभर तुकडा ओकच्या फळीवर करत आहे. लाल लाखेचा (पारदर्शक लाल रंगाचा) चौथा थर वाळायचा आहे, आणि घडीच्या खोलगट भागात तो अजून हवा तितका गडद झालेला नाही. पुरा झाला की आपल्या छायाचित्राशेजारी ठेवून पाहा आणि जिथे फसला असेल तिथे बोट ठेवा.