मदत हवी आहे: मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला, मी काय बदलू?

नमस्कार मंडळी. वय ४६, राहणार कोल्हापूर. दिवाळीनंतर सख्ख्या मावशीला ५८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. तेव्हापासून आमच्या घरात जो तो डॉक्टर झालाय. जाऊबाई म्हणतात काळी ब्रा टाकून दे, सासूबाईंच्या भजनी मंडळात डिओवर बंदी आलीये. त्यात तथ्य नाही हे मला कळतं, ते सोडा.

मावशीच्या डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. शंभरात पाच-दहा जणींनाच हा आजार आनुवंशिक असतो. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन, ते जास्त झालं की या कॅन्सरचा धोका वाढतो) मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून चाळिशीनंतरचं वजन आवरा. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. दारू थोडीही धोका वाढवते (तो प्रश्न आमच्याकडे नवऱ्याचा).

तर आम्ही चौघी रोज सकाळी रंकाळ्यावर जातो. अर्धा वेळ सुनांचा विषय, आणि शेवट ठरलेला, मिसळ. 'कट वाढा' म्हणणारी मीच. तीन वर्षांत ६१ वरून ७० किलो! हे चालणं धरायचं का? आणि पाळी अनियमित झाल्यापासून अंगातून वाफा निघतात, शेजारीण तिच्या हार्मोनच्या गोळ्या घे म्हणते. घेऊ का?

प्रतिसाद १
ताई, चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, असा वेग पाहिजे. सुनांचं पुराण सलग सांगता येत असेल तर वेग कमी पडतोय बघा.

प्रतिसाद २
शेजारणीच्या गोळ्या अजिबात नको. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन एकत्र असलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना मावशीचं सांगा, मग त्या ठरवतील. मॅमोग्राफीचंही (स्तनांचा एक्स-रे) तिथंच विचारा, चालण्यानं तपासणी टळत नाही. माझी आई रोज योगासनं करायची, तरी तिला गाठ आलीच. तपासणीत लवकर सापडली म्हणून निभावलं. आणि सून बाळाला पाजत असेल तर लवकर सोडवू नका. वर्षभराच्या पाजण्यामागे आईचा धोका साधारण ४ टक्क्यांनी कमी होतो.

मूळ धागाकर्ती
आभार. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. चौघींना वेगाचं सांगितलं, एक रुसली. मिसळ रविवारपुरती ठेवलीये, पण कट न घेता खाल्ली तर तिला मिसळ म्हणायचं का?