अवगोलेमोनो सूप: अंडे फुटू नये आणि पास्ता फुगू नये यासाठी काय करावे?

कोथिंबीर
ग्रीक पद्धतीचे अवगोलेमोनो (अवगो म्हणजे अंडे, लेमोनी म्हणजे लिंबू) हे कोंबडीचे सूप मी रविवारी प्रथमच घरी केले. एक किलो कोंबडी हाडांसकट उकळून पाणी गाळून घेतले, त्यात अर्धी वाटी क्रिथाराकी, म्हणजे तांदळाच्या दाण्यासारखा दिसणारा बारीक पास्ता, शिजवला आणि शेवटी दोन अंडी व तीन लिंबांचा रस एकत्र फेटून थेट पातेल्यात ओतला. ओतताक्षणी गुठळ्या झाल्या. सूप कडवटही लागत होते; स्वाद वाढेल म्हणून पिळलेल्या लिंबांच्या साली मी उकळत्या पाण्यात टाकल्या होत्या, हे कबूल करते. उरलेले सूप सकाळी फ्रिजमधून काढले, तर चमचा उभा राहील असे खिमट झाले होते. नेमके कुठे चुकले?

ताकपिठले
कडवटपणाचे उत्तर आपणच दिले आहे. सालीचा पांढरा भाग आणि बिया उकळल्या की कडूपणा उतरतो. शिवाय ग्रीसमधले लिंबू पिवळे, मोठे आणि जाड सालीचे असते. आपले कागदी लिंबू त्याहून तीक्ष्ण, त्यामुळे तिथल्या पाककृतीतला आकडा इथे तसाच धरू नये. दीड लिटर सुपाला आधी दीड लिंबाचा रस घालून चव पाहावी.

अंड्याचे म्हणाल, तर ताकाची कढी फुटते तसाच हा प्रकार आहे. अंड्यातील प्रथिने साधारण 60 ते 70 अंशांच्या पुढे आवळू लागतात आणि आपण ती 100 अंशांवर उकळणाऱ्या पातेल्यात एकदम सोडली. अंडी फेस येईपर्यंत फेटावीत, त्यात लिंबाचा रस मिसळावा, मग पातेल्यातले गरम पाणी पळीने बारीक धारेने सोडत एका हाताने सतत घुसळत राहावे. दीड-दोन वाट्या पाणी गेले आणि भांड्याला बाहेरून हात लावल्यावर चांगले गरम लागले, की गॅस बंद करून ते मिश्रण पातेल्यात परत घालावे. त्यानंतर सुपाला उकळी आणायची नाही, दुसऱ्या दिवशी गरम करतानाही नाही. पास्ता त्याच पाण्यात शिजवला की त्याचा स्टार्च कढीतल्या डाळीच्या पिठाचे काम करतो आणि अंडे सहसा फुटत नाही.

रस्साप्रेमी
अंड्याबद्दल सहमत आहे, पण पास्ता त्याच पाण्यात शिजवण्याला माझा विरोध आहे, कारण तो पाणी शोषतच राहतो आणि सकाळचे खिमट त्यातूनच होते. तो वेगळा शिजवून ताटलीत ठेवावा आणि वाढताना वाटीत घालावा. स्टार्चची उणीव लिंबाच्या रसात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून भरून निघते. क्रिथाराकी मिळाली नाही तर खुशाल तांदूळ घालावा. ती तडजोड नव्हे, ग्रीसमध्येही घालतात.

खरे लक्ष मात्र पाण्याकडे द्यावे. आपल्याकडे कोंबडी बहुधा कातडी काढूनच मिळते, म्हणून चिकनवाल्याकडून मान आणि पाय मागून घ्यावेत, थंड पाण्यात घालून वर येणारा फेस काढावा आणि खदखदू न देता मंद आचेवर दीड-दोन तास ठेवावे. फ्रिजमध्ये ते जेलीसारखे थिजले, तर जमले असे समजावे. मटणाचे अळणी पाणी ज्यांना आवडते त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पाटावरवंटा
कुकरमध्ये चार शिट्ट्या केल्या तरी चालते. पाणी थोडे गढूळ होते, पण अंडे घातल्यावर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

कोथिंबीर
सर्वांचे आभार. आज पुन्हा केले. पळीपळीने पाणी घातले, पास्ता वेगळा ठेवला, लिंबे दोनच वापरली. सूप मऊसूत पिवळसर झाले. पांढऱ्याचा एखादा धागा तेवढा वर तरंगत होता, तो वाढण्यापूर्वी चमच्याने काढून टाकला.