मदत हवी आहे: गावी आल्यापासून विद्यापीठाचं खातं उघडत नाही

चोपडेकर:
सुट्टीत घरी आलोय. विद्यापीठाच्या खात्यात लॉगिन होत नाहीये. पासवर्ड बरोबर आहे, पुढे कोड मागतं तिथे गाडी अडते. आज रात्री असाइनमेंट द्यायचीय. पटकन सांगा कुणीतरी.

गिरणाकाठ:
आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं असेल तर फोनवर वेळ घालवू नका. कॉलेजमधून अर्ज घ्या, प्राचार्यांची सही घ्या आणि थेट बांभोरीला जा. मुलीच्या वेळी मी हेच केलं, काम झालं.

चोपडेकर:
बांभोरीचं नाही काका, अमेरिकेतलं. शिकागोकडचं.

भुसावळची_ताई:
हे आधी सांगायचं ना भाऊ! कोड एसएमएसने येतो की ॲपमध्ये? तिथलं सिम कुठे आहे? आणि रात्री म्हणजे कुठली रात्र? शिकागोचे रात्री ११:५९ म्हणजे सध्या आपल्याकडे उद्या सकाळी १०:२९.

चोपडेकर:
मुदत तिथल्या ११:५९ चीच आहे. सिम पाकिटात ठेवलंय, फोनमध्ये इथलं टाकलंय.

अहिराणी_गडी:
भाऊ, ते अमेरिकानं सिम परत टाक नि रोमिंग चालू कर. बठ्ठा कोड येतीन.

नेटकर_धुळे:
रोमिंगला कशाला पैसे घालता? व्हीपीएन लावा, अमेरिकेतून आल्यासारखं दिसेल. नाहीतर रूममेटला पासवर्ड द्या, तो अपलोड करेल.

भुसावळची_ताई:
पासवर्ड कुणालाही देऊ नका, जिवाभावाचा मित्र असला तरी. त्याच खात्यात तुमची फी, मार्क, व्हिसाची कागदपत्रं असतात. आणि व्हीपीएनने फक्त तुम्ही कुठून आलात ते बदलतं, कोड मागायचा तो मागतोच.

नेटकर_धुळे:
माझ्या भाच्याचं व्हीपीएननेच झालं होतं.

भुसावळची_ताई:
त्याच्याकडे साइटच उघडत नसेल. इथे पासवर्ड स्वीकारला जातोय, अडचण पुढची आहे.

अडावदवाला:
चोपड्यात लाईट आहे का हो? आमच्याकडे दुपारपासून गेलीय, त्यात मे महिना.

चोपडेकर:
लाईट आहे. ताई, ॲपही आहे माझ्याकडे. त्यात सहा आकडे दिसतात, पण टाकले की चुकीचे म्हणतं. म्हणून तर डोकं फिरलंय.

भुसावळची_ताई:
फोनचं घड्याळ हाताने लावलंय का?

चोपडेकर:
हो. आल्यावर वायफायवर तिथलीच वेळ दाखवत होता, म्हणून साडेदहा तास पुढे केलं. त्याचा काय संबंध?

भुसावळची_ताई:
सगळा संबंध तिथेच आहे! ॲप सुरू करताना क्यूआर स्कॅन केलात तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये बसली. ती किल्ली आणि घड्याळ यांच्या हिशोबाने फोन दर ३० सेकंदांनी नवा आकडा काढतो, तिकडे सर्व्हरही तेच गणित करतो. गणित जागतिक वेळेवर चालतं, म्हणून टाइमझोन बदलला तर काही बिघडत नाही. तुम्ही झोन शिकागोचाच ठेवून काटे पुढे सरकवले, त्यामुळे फोन साडेदहा तासांनंतरचा कोड दाखवतोय. सेटिंगमध्ये वेळ आणि टाइमझोन दोन्ही ऑटोमॅटिक करा. या कोडला ना सिम लागतं ना नेट, विमानातही निघतो.

अहिराणी_गडी:
सिम टाकं असतं तरी चालतं.

चोपडेकर:
उघडलं!! पहिल्याच कोडला. ताई, खूप आभार.

भुसावळची_ताई:
आत आहात तोवर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये बॅकअप कोड मिळतात का बघा. मिळाले तर कागदावर उतरवून बॅगेत ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको. फोन हरवला तर तेच कामी येतात, आणि एक कोड एकदाच चालतो. लॅपटॉपवर पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन) करता येत असेल तर तीही करा. आणि तुम्ही लॉगिन करत नसताना मंजुरी मागणारी सूचना आली तर सरळ नाकारा, लगेच पासवर्ड बदला.

गिरणाकाठ:
मुलगी पुढच्या वर्षी जर्मनीला जाणार आहे. तिलाही हे ॲप लागेल का?

भुसावळची_ताई:
तिच्या विद्यापीठाने सांगितलं तर लागेल काका. सोय असेल तर निघण्याआधी दोन उपकरणांवर चालू करून घ्या.

चोपडेकर:
बॅकअप कोड कुठे दिसत नाहीत. हेल्पडेस्कला फोन करतो, ते तिथल्या सकाळी आठला उघडतं.

भुसावळची_ताई:
म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. असाइनमेंट आधी चढवा.