मदत हवी आहे: दानिएल नबी आहे का नाही? तक्ता अडलाय

मृण्मयी_प
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. एक तक्ता करतेय, डावीकडे नावं आणि वर यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम असे तीन रकाने, ज्या धर्मात नबी (म्हणजे देवाचा संदेष्टा) मानतात तिथे बरोबरची खूण. अब्राहाम, मोशे वगैरे झाले पटापट पण दानिएलपाशी गाडी अडलीय, एकीकडे लिहिलंय नबी, दुसरीकडे नबी नाही, आणि दोन्ही लिहिणारे यहुदीच. दावीद, मरियम, योहान यांचाही तसाच घोळ. मला फक्त हो की नाही एवढंच सांगा प्लीज. लिंका नकोत, वाचायला वेळच नाहीये, उद्या रात्री द्यायचंय.

मिरजवाला
ताई, कुठल्या रकान्याचं विचारताय ते कळलं नाही. आमच्या बाजूचं सांगतो. कुराणात नावानिशी २५ नबी येतात, त्यात दानियालचं नाव नाही. पण कुराणातच म्हटलंय की काही रसूलांची (अल्लाहने पाठवलेल्या प्रेषितांची) हकिगत तुम्हाला सांगितली आणि काहींची नाही (सूरह ४०, आयत ७८), म्हणजे ती यादी काही पूर्ण नाही. परंपरेत दानियाल नबी म्हणूनच ओळखले जातात, इराणमध्ये शूश गावी त्यांची कबर दाखवतात, लोक जियारतीला जातात. आता यात बरोबरची खूण करायची की फुली, तुम्हीच ठरवा.

सेल_मर्ज
एक्सेलमध्ये करत असाल तर खुणेसाठी चिन्ह शोधत बसू नका, चेकबॉक्स टाका आणि वरची ओळ फ्रीझ करा. रकाने अरुंद ठेवले की प्रिंट एका पानात बसते.

मृण्मयी_प
एक्सेल येतं हो मला. दानिएल?

वाचस्पती
दानिएलचं प्रकरण समजून घ्या, म्हणजे बाकी सगळी नावं आपोआप सुटतील. यहुदी बायबलचे तीन भाग असतात, तोरा, नेविईम म्हणजे नबींची पुस्तकं, आणि केतुविम म्हणजे इतर लेखन. दानिएलचं पुस्तक तिसऱ्या भागात आहे, नबींमध्ये नाही. ख्रिस्ती बायबलात तेच पुस्तक उचलून यहेज्केलनंतर नबींच्या रांगेत ठेवलंय, त्यामुळे ख्रिस्ती माणसाला प्रश्नच पडत नाही, शिवाय मत्तय २४ मध्ये येशू स्वतः ‘दानिएल संदेष्टा’ म्हणतो.

तल्मूदमध्ये, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात (मगिल्ला ३अ), यावर एक फार सुंदर जागा आहे. दानिएल म्हणतो की तो दृष्टान्त मी एकट्यानेच पाहिला, माझ्याबरोबरच्या माणसांना दिसला नाही. ती माणसं कोण? तर हाग्गय, जखऱ्या आणि मलाखी. मग गुरू म्हणतात, ते त्याच्यापेक्षा मोठे कारण ते नबी होते आणि हा नबी नव्हता, आणि हा त्यांच्यापेक्षा मोठा कारण याला दिसलं आणि त्यांना दिसलं नाही. म्हणजे बघा, ज्याला दिसलं तो नबी नाही आणि ज्यांना दिसलं नाही ते नबी! राशी नावाचा मध्ययुगीन यहुदी भाष्यकार त्यावर एका वाक्यात खुलासा करतो की त्या तिघांना देवाने निरोप घेऊन इस्राएलकडे पाठवलं होतं, दानिएलला लोकांकडे पाठवलेलं नव्हतं. दिसणं महत्त्वाचं नाही, पाठवलं जाणं महत्त्वाचं.

तुम्हाला जे दोन यहुदी मतं सांगणारे सापडले ते दोघंही बरोबर असू शकतात. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस दानिएलला थोर नबी म्हणतो, मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांतही एका ठिकाणी ‘दानिएल नबीच्या पुस्तकात’ असा उल्लेख आहे. नाही म्हणणारे तल्मूदवाले. तेव्हा तुमचा तक्ता कुठल्या काळातल्या यहुद्यांचा आहे ते आधी सांगा.

तर्कट_नाशिक
मूळ प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलाय. आवाज ऐकू येणं, दृश्यं दिसणं याची कारणं मेंदूत शोधायला हवीत. नबी कोण हे ठरवण्याआधी असा अनुभव खरोखर काय असतो ते बघा, मी त्यावर बरंच वाचलंय, हवं असेल तर वेगळा धागा काढतो.

वसईची_सून
वेगळा धागा जरूर काढा पण इथे तिला तक्ता हवाय. आणि तुमचं म्हणणं वाचस्पतींच्या उत्तराला लागूच होत नाही ना, ते तर सांगतायत की नुसतं दिसल्याने कोणी नबी होत नाही.

आता ख्रिस्ती रकान्याबद्दल. बहुतेक लोकांना वाटतं नबी म्हणजे जुन्या करारातले दाढीवाले म्हातारे आणि योहान बाप्तिस्मा करणाऱ्यापाशी संपले. पण प्रेषितांची कृत्ये अध्याय २१ उघडून बघा. कैसरियाला फिलिप्पाचं घर आहे, त्याच्या चार अविवाहित मुली संदेश देत, त्याच घरात अगब नावाचा संदेष्टा येतो, पौलाचा कमरपट्टा घेतो, स्वतःचे हातपाय त्याने बांधतो आणि सांगतो की हा पट्टा ज्याचा आहे त्याला यरुशलेमात असंच बांधतील. एका घरात पाच जण, आणि हे येशूनंतर! आमच्याकडे तर बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या डोक्याला ख्रिसम (पवित्र तेल) लावताना जी प्रार्थना होते तिच्यात ख्रिस्त याजक, संदेष्टा आणि राजा होता तसं हे बाळही त्यात सहभागी होवो असं म्हणतात. माझ्या मुलीच्या वेळी फादरनी ते थांबून समजावून सांगितलं होतं, सगळं चर्च शांत ऐकत होतं. तेव्हा ख्रिस्ती रकान्यात ठराविक नावांची यादी बसणारच नाही.

नगरचा_पाहुणा
ताई, आदर ठेवून असहमत. बाप्तिस्म्यातला सहभाग वेगळा आणि यशया, यिर्मया यांचं संदेष्टेपण वेगळं, दोन्ही एका मापाने मोजू नका. आमच्या मंडळीत शिकवतात की शास्त्र पूर्ण झाल्यावर तसलं संदेष्टेपण थांबलं. हल्ली जो तो सभा घेऊन स्वतःला प्रॉफेट म्हणवतो, अमुक महिन्यात नोकरी लागेल म्हणून सांगतो. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात, अध्याय १८ मध्ये, साधी कसोटी दिलीय, बोललेलं घडलं नाही तर तो देवाचा माणूस नाही. संपला विषय.

वसईची_सून
मग योनाचं काय करता? चाळीस दिवसांत निनवे शहर उलथून जाईल म्हणाला, उलथलं नाही. तो खोटा संदेष्टा का?

नगरचा_पाहुणा
निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला म्हणून वाचलं. ते सशर्त होतं.

वसईची_सून
बरोबर, पण मग ‘घडलं नाही तर खोटा’ ही कसोटी इतकी साधी राहत नाही एवढंच माझं म्हणणं. आणि सभांतल्या प्रॉफेट लोकांबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनाही हा त्रास होता. दिदाखे नावाचं अगदी जुनं पुस्तक आहे, त्यात नियमच दिलाय, फिरता संदेष्टा आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. पौलही करिंथकरांना लिहितो की दोघातिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी त्याची पारख करावी. पारख मंडळी करते, तो स्वतः नाही.

वाचस्पती
योनाच्या अडचणीवर रामबाम (मैमोनिदेस, बाराव्या शतकातला यहुदी पंडित, जन्म कोर्दोबा) याने मार्ग काढलाय. तो म्हणतो वाईट भाकीत घडलं नाही तर नबी खोटा ठरत नाही, देव दयाळू आहे, लोक सुधारले तर शिक्षा टळते. पण चांगलं वचन नबीने दिलं आणि ते घडलं नाही तर मात्र तो खोटा. त्याचा पुरावा यिर्मया २८. हनन्या सांगतो दोन वर्षांत सगळं परत येईल, यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून सगळ्यांसमोर मोडतो. यिर्मया म्हणतो आमेन, तसंच होवो, पण शांतीचं भाकीत करणारा खरा की खोटा ते घडल्यावरच कळतं. त्या क्षणी मंदिरात उभ्या लोकांना काय कळणार हो, दोघंही ‘परमेश्वर असं म्हणतो’ असंच बोलत होते.

आणि अनुवाद १३ विसरू नका. तिथे म्हटलंय चिन्ह खरं झालं तरी तो दुसऱ्या देवांच्या मागे चला म्हणाला तर ऐकू नका. म्हणजे चमत्कार हा शेवटचा पुरावा नाहीच.

पांढरा_कांदा
आमच्या अलिबागकडे बेने इस्राएल (कोकणातले यहुदी) लोकांत एलियाहू हनाबींना, म्हणजे एलीया नबींना, फार मानतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, एलियाहू हनाबींचा रथ तिथे टेकला अशी श्रद्धा. काही चांगलं झालं, नवस फिटला, लग्न ठरलं की मलिदा करतात, पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा आणि वर फळं. आमच्या शेजारच्या काकू करायच्या तेव्हा ताटली आमच्याकडे यायचीच. आता बरेचसे इस्रायलला गेले. मलिद्यात गूळ घालतात की साखर यावर कोणाला माहिती असेल तर सांगा.

ठाण्याचे_काका
आपल्याकडे ऋषींना मंत्रद्रष्टे म्हणतात तेही हेच नाही का? मंत्र रचले नाहीत, दिसले. मला तरी फरक वाटत नाही.

वाचस्पती
काका, फरक मोठा आहे. द्रष्ट्याला सत्य दिसतं तिथे त्याचं काम झालं. नबीला मात्र ‘ऊठ, निनवेला जा’ असा हुकूम येतो आणि तो बहुधा जायला तयार नसतो. मोशे म्हणतो माझी जीभ जड आहे, यिर्मया म्हणतो मी लहान आहे, योना तर उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. आमोस सांगतो मी नबी नाही नि नबीचा मुलगा नाही, मी मेंढपाळ, उंबराची फळं बघणारा, देवाने मला कळपामागून उचललं.

मृण्मयी_प
मलिदा, एक्सेल, ऋषी सगळं वाचलं. माझं उरलंय मरियम, दावीद, योहान. प्लीज.

मिरजवाला
दाऊद अलैहिस्सलाम नबी, जबूर हा ग्रंथ त्यांच्यावर उतरला. यह्या (तुमचा योहान) कुराणात नावानिशी नबी. मरियमबद्दल बहुतेक उलेमा म्हणतात नबी नाही, सिद्दीका (सत्यनिष्ठ स्त्री), कारण सूरह यूसुफ आयत १०९ मध्ये आम्ही पुरुषांनाच पाठवलं असं आहे. पण कोर्दोबाच्याच इब्न हज्मचं (मृत्यू १०६४) मत वेगळं. तो म्हणतो ती आयत रसूलांबद्दल आहे, लोकांकडे पाठवलेल्यांबद्दल. नबी म्हणजे ज्याला अल्लाहकडून वही (दैवी संदेश) येते, आणि मरियमकडे फरिश्ता आला, मूसाच्या (मोशेच्या) आईला बाळ नदीत सोड अशी वही झाली, म्हणून त्या नबी. हा अल्पमतातला विचार आहे पण मान्यवर माणसाचा आहे, टीप म्हणून टाका.

आमच्याकडचं मूळ ऐका. नबी कोणी साधना करून होत नाही, अल्लाह निवडतो. वही येते. तो अल्लाहचा निरोप पोचवण्यात चुकत नाही. आणि मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम हे शेवटचे, सूरह ३३ आयत ४०. त्यामुळे आज कोणी दावा केला तर कसोटी लावायचा प्रश्नच येत नाही.

वसईची_सून
दावीद ख्रिस्ती रकान्यातही घाल, कृत्ये २ मध्ये पेत्र त्याला संदेष्टा म्हणतो. योहान अर्थातच. मरियमला आम्ही संदेष्टी म्हणून मोजत नाही, तिचा मान वेगळाच आहे.

वाचस्पती
यहुदी बाजू: तल्मूद ४८ नबी आणि ७ नबीया सांगतो, सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा, एस्तेर. राशीच्या यादीत दावीद, शलमोन येतात, रामबाम मात्र दावीद, शलमोन आणि दानिएल तिघांना ‘पवित्र आत्म्याच्या’ पायरीवर, म्हणजे पूर्ण नबीपणाच्या खाली, ठेवतो. योहान आणि येशूची आई मरियम यादीत नाहीत. आणि एक गंमत नाही, महत्त्वाचं, नबी व्हायला इस्राएली असणं सक्तीचं नव्हतं. बायबलातला बलाम परका होता. १९६७ मध्ये जॉर्डनमध्ये देर अल्ला इथे भिंतीच्या गिलाव्यावर शाईने लिहिलेला मजकूर सापडला, त्यात ‘बौराचा मुलगा बलाम, देवांचा द्रष्टा’ आहे, इसवी सनापूर्वी ८०० च्या आसपासचा.

आता तरी सांगा, हे कशासाठी आहे?

मृण्मयी_प
एमए तत्त्वज्ञान, तुलनात्मक धर्माचा पेपर, प्रेझेंटेशन आहे. मॅडमनी दिलेला विषय ‘तीन धर्मांत नबी कशामुळे ठरतो’.

वाचस्पती
अहो, मग हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत! विषय ‘कशामुळे’ आहे, ‘कोण’ नाही. नावांचा तक्ता कितीही अचूक केलात तरी मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसेल. नावं बाजूला काढा आणि डावीकडे प्रश्न लिहा: निवडतो कोण, संदेश कोणासाठी, ओळखायचं कसं, पारख कोण करतं, हे सगळं संपलं का आणि कोणापाशी. शेवटच्या ओळीत यहुदींचं उत्तर हाग्गय, जखऱ्या, मलाखी, इस्लामचं मुहम्मद, आणि ख्रिस्ती रकान्यात वरचं सून विरुद्ध पाहुणा भांडण जसंच्या तसं टाका, तेच खरं उत्तर आहे.

नगरचा_पाहुणा
भांडण नाही, चर्चा. पण टाका, चालेल.

मृण्मयी_प
ओके, ओळी बदलतेय. दानिएल एक उदाहरण म्हणून ठेवते, तिघांत तीन उत्तरं. तिन्ही धर्म वाद न घालता मानतात असं एक नाव हवंय जोडीला, मोशे-अब्राहाम सोडून, ते सगळेच घेतात.

पांढरा_कांदा
मी सांगितलं ना, एलियाहू हनाबी.

मिरजवाला
हो, इल्यास. सूरह ३७ आयत १२३, ‘इल्यास निःसंशय रसूलांपैकी होते’. घ्या.

वसईची_सून
एलीया. मोशेबरोबर डोंगरावर येशूला भेटतो तो, मत्तय १७. आणि कांदेदादा, मलिद्यात साखरही घालतात आणि गूळही, घराघरावर आहे.