मुळांना चार तऱ्हेच्या गाठी, ठेवायच्या कोणत्या?

प्रश्न (जुळे सोलापूर)
परसातली झाडं हलवताना मुळं उघडी पडली. गोकर्णाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी. शतावरीच्या बुडाशी बोटाएवढ्या पाणीदार मुळ्यांचा घोस. गुलाबाला मातीलगत लिंबाएवढा खडबडीत गोळा. डाळिंबाच्या बारीक मुळ्या तर मणी ओवल्यासारख्या. पाणी असूनही ते दुपारी मान टाकतं, पानं पिवळी. जमीन मुरमाड आहे.

उत्तर (होटगी रोड)
आधी नखाने गाठ ढकलून बघा.

गोकर्ण शेंगवर्गीय, म्हणून त्या रायझोबियम या उपकारक जिवाणूंच्या गाठी. मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, अलगद निखळतात, कापल्या तर आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे नत्र धरायचं काम चालू आहे. तिथे युरिया टाकू नका; नत्र आयतं मिळालं की झाड गाठी धरत नाही. शतावरीचा घोस हा तिचा पाण्याचा साठा, तो न मोडता लावा.

डाळिंबाची गाठ निखळणार नाही, कारण तिथे मूळच फुगलंय. ओढलीत तर मूळ तुटेल. ब्लेडने कापून भिंगाखाली धरा: मोत्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसले तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, माद्या. एकेक मादी शेकडो अंडी घालते आणि उबदार मातीत साधारण महिन्यात पुढची पिढी तयार होते. हलक्या जमिनीत हे जास्त फोफावतं. ती माती दुसऱ्या वाफ्यात अजिबात नेऊ नका.

उत्तर (बार्शी)
गुलाबाबद्दल: तो गोळा जखमेतून शिरणाऱ्या जिवाणूचा आहे. नुसता छाटून उपयोग नाही, पुन्हा येतो. झाड मुळांसकट काढून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. कात्री स्पिरिटने पुसा. त्या जागी दोन-तीन वर्षं गुलाब नको.

प्रश्नकर्ता
गाठ कापली, पांढरे ठिपके आहेत. डाळिंब तीन वर्षांचं आहे, उपटू का?

उत्तर (होटगी रोड)
उपटू नका. आळ्यात दोन किलो निंबोळी पेंड मातीत मिसळून पाणी द्या. पॅसिलोमायसिस या सूत्रकृमी मारणाऱ्या बुरशीची भुकटी पाकिटावरच्या मात्रेत शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून मग घाला. उन्हात उघडी टाकली तर बुरशी मरते. भोवती झेंडू दाट लावा आणि दोन-तीन महिने राहू द्या. चार-सहा झाडं लावून फरक पडत नाही. वांगी, टोमॅटो, भेंडी मात्र जवळ नको, सूत्रकृमी त्यांच्यावरही पोसतात.

खात्री हवी असेल तर आळ्यात १५ ते २० सेंमी खोलीवरची पाव किलो ओली माती बारीक मुळांसह पिशवीत बांधून तपासणीला द्या. वाळवू नका. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आधी तिथेच विचारा.

उत्तर (बार्शी)
मातीतले सूत्रकृमी उन्हाने मारायचे तर रिकामा वाफा एप्रिल-मेमध्ये भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाका. कडा मातीत गाडा, फट राहिली की वाफ निघून जाते. काळं प्लॅस्टिक घेऊ नका, त्याखाली माती तितकी तापत नाही. आपल्याकडचं ऊन या कामाला उत्तम.