‘ट्रॅडिशनल जाझ’ : पारंपरिक की परंपरागत?

प्रश्न : अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातील जुन्या वळणाच्या जाझविषयीच्या एका मजकुराचे भाषांतर करताना मी ‘ट्रॅडिशनल जाझ बँड’साठी ‘पारंपरिक जाझ वाद्यवृंद’ असे लिहिले, परंतु ‘पारंपरिक’ म्हटले की डोळ्यांपुढे नऊवारी आणि संबळच उभे राहतात. शिवाय ‘कलेक्टिव्ह इम्प्रोव्हायझेशन’ला, म्हणजे साऱ्यांनी मिळून ऐनवेळी सुचेल तसे वाजवण्याला, ‘जुगलबंदी’ म्हटलेले चालेल का?

उत्तर : ‘जुगलबंदी’ मुळीच नको. जुगलबंदीत दोघे बरोबरीचे असतात आणि बरेचदा आळीपाळीने वाजवतात. किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जाझ बँडच्या १९२३ सालच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात : कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे पितळी वाद्य) मूळ चाल धरून ठेवतो, क्लॅरिनेट तिच्यावरच्या अंगाने वेलबुट्टी काढत जाते, ट्रॉम्बोन खालून घसरते सूर लावत रिकाम्या जागा भरतो, आणि हे सारे एकाच वेळी चाललेले असते, स्वतंत्र वादनाला तेथे जागा मोजकीच. माझ्या मते ‘सामूहिक उपज’ हा शब्द येथे चपखल बसेल, कारण ऐनवेळी सुचलेले, तरीही बंदिशीचा ठाव न सोडणारे, हा अर्थ ‘उपज’मध्ये आपल्या गवयांनी आधीच भरून ठेवला आहे. ‘उत्स्फूर्त वादन’ म्हटले की मनाला येईल ते वाजवणे असा भलताच समज होतो.

‘पारंपरिक’ हा शब्द चुकीचा नाही, पण तो दोन वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधतो. विली आणि पर्सी हम्फ्री हे न्यू ऑर्लिन्सचे वादक भाऊ ज्या आजोबांकडे वादन शिकले, ते जेम्स हम्फ्री स्वतः नामांकित संगीतशिक्षक होते. पुढे १९६१ साली तेथेच सुरू झालेल्या प्रिझर्व्हेशन हॉल या जाझच्या सभागृहात हे दोघे भाऊ वर्षानुवर्षे वाजवत राहिले. हा ‘परंपरागत’ जाझ, म्हणजे हातून हाती आलेला. याउलट ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात ज्याला नुसते ‘ट्रॅड’ म्हणू लागले, तो मुख्यतः तबकड्या पुन्हापुन्हा ऐकून बसवलेला होता. केन कॉलियर या इंग्रज वादकाने तर मूळ वादक प्रत्यक्ष ऐकता यावेत म्हणून व्यापारी जहाजावर नोकरी धरून न्यू ऑर्लिन्स गाठले. ध्यास खराच, पण त्यासाठी ‘पुनरुज्जीवित जाझ’ हाच शब्द प्रामाणिक ठरतो.

‘डिक्सीलँड’ हा शब्द मात्र सरसकट पर्याय म्हणून वापरू नये. १९१७ साली जाझची पहिली ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या सर्वस्वी गोऱ्या वादकांच्या बँडच्या नावात तो होता, आणि ‘डिक्सी’ म्हणजे गुलामगिरीच्या आठवणी चिकटलेला अमेरिकेचा दक्षिण भाग. त्यामुळे अनेक कृष्णवर्णीय वादकांना तो रुचत नाही.

पुरवणी : वरील उत्तराशी सहमत आहे; फक्त वाद्यांची यादी देताना ‘बँजो’ असेच लिहावे, ‘बेंजो’ नव्हे. मुंबई-कोकणात गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो हा कळा दाबून वाजवायचा, बुलबुलतरंगाच्या कुळातला; न्यू ऑर्लिन्सचा बँजो कातडे ताणलेल्या गोल खोक्याचा आणि ताल धरणारा. अन्यथा ‘बेंजो पार्टी’ ऐकत वाढलेला वाचक भलत्याच मिरवणुकीत जाऊन पोहोचेल.